बीपीची गोळी

आमच्या एआरटी सेंटरवर बीपी आधी खोटं आलं, खरं बऱ्याच वर्षांनी आलं.

मी तिथे समुपदेशक आहे. पश्चिम महाराष्ट्रातला एक सरकारी दवाखाना, त्याच्या मागच्या अंगाला आमच्या खोल्या. एचआयव्हीसोबत जगणारी माणसं एआरटीच्या, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या न्यायला येतात, त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. जिल्हा सांगत नाही, आणि पुढे जी माणसं येतील त्यांची नाती, वयं, गावं थोडी इकडची तिकडे केली आहेत. 2017 चा एचआयव्ही कायदा गोपनीयता पाळायला सांगतो. कायदा नसता तरी पाळली असती.

तर खोटं बीपी. नव्या माणसाच्या गोळ्या सुरू करण्याआधी आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: घरात कुणी विचारलं, ही गोळी कसली, तर काय सांगणार? प्रश्न साधा वाटतो, पण ज्याच्याकडे उत्तर तयार नसतं त्याच्या गोळ्या चुकतात, हे आम्ही पहिल्या वर्षातच शिकलो. पाहुणे आले की गोळी राहिली, माहेरी गेली की राहिली. म्हणून उत्तर सेंटरवरच पक्कं करून घ्यायचं. ‘टीबीची’ म्हणावं तर सहा महिन्यांनी लोक विचारतात, अजून कशी संपेना? ‘ताकदीची’ म्हणावं तर जाऊबाई म्हणते, मलापण दे एक. ‘शुगरची’ म्हणावं तर शेजारच्या घरात मशीन असतं आणि कुणीतरी हौशी बोट टोचायला येतं. राहता राहिलं बीपी. रोज घ्यायची गोळी, जन्मभराची, बाहेरून काही दिसत नाही, कुणाला लागत नाही, आणि घरटी एकाला तरी असतंच. शिवाय बीपी हा अब्रूदार आजार आहे. सरपंचाला असतो, हेडमास्तरांना असतो. ‘टेन्शन घेतलं की होतं’ असं सगळ्यांचं ठरलेलं असल्यामुळे बीपीवाल्याकडे लोक जरा आदरानेच बघतात.

त्या काळच्या एचआयव्हीच्या गोळीत एफाव्हिरेंझ नावाचं औषध असायचं. ती झोपताना घ्यायची. पहिले काही आठवडे गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची. सकाळी माणूस भिंतीला धरून मोरीकडे जायला लागला की घरचे म्हणायचे, बीपी वाढलं वाटतं. औषधाचा त्रासही खोट्याच्या बाजूने साक्ष द्यायला यायचा.

डबीचं प्रकरण वेगळंच. प्लास्टिकची डबी, आत तीस गोळ्या, एसटी खड्ड्यातून गेली की पिशवीत वाजते. बायका वरून कापूस कोंबतात. लेबल नखाने खरवडतात, ते नीट निघत नाही, चिकट पांढरा पट्टा उरतो, मग त्यावर हळदीचं बोट फिरवून तो मळकट करतात, म्हणजे डबी जुनी, घरातली दिसते. काही जणी गोळ्या दुसऱ्याच डबीत ओततात आणि आतली ती ओल शोषणारी पुडी फेकून देतात. पुडी फेकू नका, हे सांगून माझी जीभ झिजली आहे. पण हळद लावलेली डबी समोर आली की मी काही बोलत नाही. त्या बोटाला जेवढं कळतं तेवढं आमच्या माहितीपत्रकाला कळत नाही.

एका सुनेची गोष्ट सांगते. नवरा गेलेला, ती सासूपाशी राहते, घर तिच्याच मजुरीवर चालतं. सासूला खरं बीपी, सुनेला खोटं. दोघींना बीपी म्हटल्यावर सासूने आमटीतलं मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी माळ्यावर ठेवली, आणि वर्षानुवर्षं दोघी अळणी जेवल्या. सुनेचं बीपी अजून 110 वर 70 आहे, पोरीसारखं. एकदा सासूच्या गोळ्या संपल्या. दवाखान्याला चार दिवस सुट्ट्या. सासू म्हणाली, तुझ्यातली एक दे की गं, बीपीचीच हाय न्हवं? सून क्षणभर थिजली. मग म्हणाली, आत्याबाई, माझी पॉवर जास्त हाय, तुमाला झेपायची न्हाय, डॉक्टरनं कुणाला देऊ नको म्हणून सांगितलंय. आणि उन्हात चालत जाऊन मेडिकलमधून सासूची पट्टी विकत घेऊन आली. हे सांगताना ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती होतं ते मी विचारलं नाही.

मला स्वतःला बीपी आहे. टेल्मिसार्टन 40, सकाळी चहाच्या आधी. माझी पट्टी स्वयंपाकघरात मिक्सरच्या बाजूला उघडी पडलेली असते. मेडिकलवाला मला लांबून बघूनच ओरडतो, “मॅडम, बीपीची का?” अख्खी रांग ऐकते, कुणी मान वळवत नाही. ही चैन काय चीज आहे, हे माझ्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा साऱ्या देशात आठ सेंटरं होती, आपल्याकडे मुंबईचं जे. जे. आमच्या बाजूला सेंटर नंतर आलं. त्या पहिल्या वर्षांत माणसं दुचाकीवर दोघांच्या मधे धरून आणत, जीपच्या मागच्या सीटवर आडवी घालून आणत. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, 200 च्या खाली उतरल्याशिवाय सहसा गोळ्या सुरू होत नसत, आणि तोवर जुलाब, टीबी, तोंडात पांढरं, सगळं होऊन गेलेलं असे. बीपी मोजलं तर ते कमीच भरायचं. वरचा आकडा 90 आला की सिस्टर सलाईनची बाटली शोधायला लागायच्या. बीपी वाढेल ही काळजी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

सगळी भिस्त वजनकाट्यावर. दोन किलो वाढलं की आम्ही सगळ्या जणी टाळ्या वाजवायचो, रुग्णही लाजत लाजत वाजवायचा. त्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन होतं. जीव वाचायचा, पण काही वर्षांनी गाल आत जायचे, हातपाय काटकुळे व्हायचे आणि पोट तेवढं पुढे यायचं. गालांवरून ओळखतील म्हणून लोक स्टँडवर तोंडाला टॉवेल गुंडाळून बसत. पुढे ते औषध गेलं. एका गोळीत तिन्ही औषधं आली. 2017 पासून सीडी-फोर कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू, असं धोरण आलं. मग 2020-21 च्या सुमारास डोल्युटेग्रॅव्हिरवाली गोळी आली, टीएलडी म्हणतो आम्ही तिला. औषध फार चांगलं. विषाणू भराभर दबतो, गरगर नाही, स्वप्नं नाहीत. फक्त वजन वाढतं, बायकांचं जरा जास्तच. आता मी त्याच काट्यापाशी उभी राहून म्हणते, मावशी, गेल्या खेपेपेक्षा चार किलो जास्त, भात कमी करा. मावशी माझ्याकडे बघतात. याच काट्यावर याच बाईने आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, हे त्या विसरलेल्या नसतात.

देशात सुमारे 25 लाख माणसं एचआयव्हीसोबत जगताहेत, आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात, जवळजवळ चार लाख. बाविसाव्या वर्षी विधवा झालेल्या मुली आता पंचेचाळिशीत आहेत. ज्यांचं काही खरं नाही असं आम्ही मनातल्या मनात धरून चाललो होतो त्यांना नातवंडं झाली. म्हातारपण आलं, आणि म्हातारपणासोबत जे येतं तेही आलं.

आमच्याकडे एक काका येतात. आटपाडी-विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेली आहेत, त्यांतले एक. तरुणपण भट्टीपुढे काढलं, आता गावी परत. स्वतःच्या तालुक्याजवळचं सेंटर सोडून आमच्याकडे लांब येतात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. गोळी कधी चुकलेली नाही. घरी बायकोला सगळं माहीत, मुला-सुनांना ‘बीपीची’. त्या दिवशी सिस्टरनी पट्टा बांधला, आकडा आला 172 वर 104. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतलं, 168. पुढच्या दोन खेपांनाही तेच. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी आहे, गोळी सुरू करायची. काका आधी ऐकत राहिले आणि मग खो खो हसले. “म्हंजे इतकी वर्सं देवाला खोटं सांगत हुतो, त्यानं मनावर घेतलं म्हणायचं.”

मग अडचण सुरू झाली. घरात बीपीची एक गोळी आधीपासून चालू आहे. आता ही दुसरी कसली? आम्ही बसून ठरवलं: पॉवर वाढवली, म्हणून दोन. ते जमलं. त्यांनी तर पुढचं डोकं लढवलं. अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी सरळ देवळीत उघड्यावर ठेवली, छापील नावासकट. शिकलेल्या सुनेने मोबाइलवर नाव शोधलं, बीपीचीच निघाली, तिची खात्री पटली. इतक्या वर्षांच्या खोट्याला शेवटी कागदपत्र मिळालं.

पण दोन महिन्यांनी आले तर पट्टीत अकरा गोळ्या शिल्लक. एआरटीच्या डबीत एकही जास्त नाही, एकही कमी नाही. मी विचारलं, काका, हे कसं? म्हणाले, “त्या गोळीचं येगळं हाय. ती चुकली तर काय हुतंय ते मी बघितलंय.” भट्टीवरचे दोघे साथीदार त्यांनी गावी पोहोचवले होते, शेवटचे. “ही काय, नुसती बीपीची.”

नुसती बीपीची. हे मी आता रोज ऐकते, आणि मला वाटतं आमच्या कामाची सगळी गोम यात आहे. शंभरातल्या पंचाण्णव गोळ्या वेळेवर घेतल्या पाहिजेत, हे ज्यांनी स्वतःच्या अंगात मुरवलं, मोबाइलचा गजर, उशीखालची डबी, लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात जाऊन पाण्याशिवाय गिळलेली गोळी, त्या माणसांना बीपीची गोळी रोज घेणं अवघड जावं हे विचित्र वाटतं. पण ती शिस्त त्यांना गोळीने लावलेली नव्हती, भीतीने लावली होती. मरणाची भीती आणि कळण्याची भीती. बीपीला दोन्ही नाहीत. दुखत नाही, खुपत नाही, लपवावं लागत नाही. जे लपवावं लागत नाही त्याकडे लक्षही राहत नाही. आम्ही इतकी वर्षं सांगत आलो की बीपीची आहे म्हणा, म्हणजे कुणी काही विचारणार नाही. तर त्यांनी स्वतःही विचारणं सोडलं.

भीती घालायला मला आवडत नाही. लकव्याचे फोटो लावा भिंतीवर, असं एका बैठकीत कुणी सुचवलं, मी नको म्हटलं. या माणसांच्या वाट्याला भिंतीवरचे फोटो पुष्कळ आले आहेत. नव्वदच्या दशकातले ते कवटीचे फलक आठवतात ना? त्यांनी किती जणांना तपासणीपासून लांब ठेवलं त्याचा हिशेब कुणी केलेला नाही.

एचआयव्हीमुळे बीपी वाढतं का, हे मला सगळे विचारतात. डॉक्टर सरळ हो म्हणत नाहीत. जगभरच्या अभ्यासांत एचआयव्ही असलेल्या प्रौढांपैकी चौघांतल्या एकाला, काही ठिकाणी तिघांतल्या एकाला बीपी सापडतं. आता इतकं बीपी बाकीच्या जगातही आहेच. वय, मीठ, तंबाखू, वाढलेलं पोट, ही कारणं सगळ्यांना लागू. वेगळं आहे ते असं, की गोळ्यांनी विषाणू दबला तरी शरीर पूर्ण निवांत होत नाही. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या रक्षक पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, अस्तर थोडं झिरपतं राहतं, जंतूंचे तुकडे रक्तात येत राहतात आणि रोगप्रतिकार यंत्रणा बारीक आचेवर जळतच राहते. त्या धगीने रक्तवाहिन्यांचं आतलं अंग खराब होतं. म्हणून हृदयविकाराचा धोका या लोकांना इतरांच्या साधारण दुप्पट धरतात. आणि त्यावर 168 चा आकडा बसला की काय होणार, हे सांगायला नको.

यावरून काही जण चटकन निष्कर्ष काढतात: म्हणजे गोळ्याच वाईट, मधे मधे विश्रांती द्यावी. एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. स्मार्ट नावाच्या एका मोठ्या चाचणीत पाच हजारांहून जास्त लोकांमधल्या अर्ध्यांची औषधं सीडी-फोर चांगला असताना थांबवली आणि उतरल्यावर पुन्हा सुरू केली. औषध कमी, तर हृदयाला त्रास कमी, असा होरा. 2006 मध्ये चाचणी आवरती घ्यावी लागली. थांबवणाऱ्यांत मृत्यू जास्त होतेच, पण हृदयाचे, किडनीचे, यकृताचे आजारही जास्त निघाले. हृदयाला गोळीपेक्षा मोकाट विषाणू महागात पडतो, हे तेव्हा स्पष्ट झालं. कुणी माझ्यापुढे ‘गोळ्या गरम पडतात, जरा बंद ठेवतो’ म्हणालं की मी ही चाचणी माझ्या भाषेत सांगते. तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण ‘थांबवणारेच जास्त मेले’ एवढं राहतं.

2023 मध्ये आणखी एक मोठा निकाल आला, रीप्रीव्ह नावाच्या चाचणीचा. 40 ते 75 वयाचे, एचआयव्ही असलेले, हृदयाचा धोका फार मोठा नसलेले सात हजारांहून जास्त लोक, त्यांत भारतातलेही. रोज पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा असले प्रकार 35 टक्क्यांनी कमी झाले. आमच्या डॉक्टरांनी हे उत्साहाने सांगितलं. मी मनात म्हटलं, म्हणजे तिसरी गोळी. देवळीत जागा आहे, पण गोष्ट कोणती सांगायची?

गोळ्यांच्या आपसातल्या भांडणाचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिथे खोटं खरोखर अंगाशी येतं. पहिल्या औषधांना विषाणू दाद देईनासा झाला की दुसऱ्या फळीची औषधं देतात. त्यांत बऱ्याच वेळा रिटोनाव्हिर असतं. रिटोनाव्हिरचं कामच असं, की ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा अडवून धरतं, म्हणजे सोबतचं एचआयव्हीचं औषध रक्तात जास्त वेळ टिकावं. पण ते काही निवडून अडवत नाही; अ‍ॅम्लोडिपिनही मग रक्तात साचतं. बीपी जास्त उतरतं, पाय सुजतात. जुन्या एफाव्हिरेंझचं उलट होतं, त्याच्यासोबत अ‍ॅम्लोडिपिन कमी पडायचं. डोल्युटेग्रॅव्हिरचं अ‍ॅम्लोडिपिनशी असं वैर नाही, म्हणून सध्या बहुतेकांचं सुरळीत चालतं.

दुसऱ्या फळीवरचा एक जण, द्राक्षबागेवर औषध फवारणीला जाणारा. चक्कर आली म्हणून गावातल्या खासगी डॉक्टरकडे गेला. त्यांनी चांगलं तपासलं, बीपी निघालं, अ‍ॅम्लोडिपिन लिहून दिली, आणि विचारलंही, दुसरी कसली औषधं चालू आहेत? हा म्हणाला, काही नाही. काय म्हणणार? बीपीची चालू आहे असं बीपीच्या डॉक्टरला कसं सांगणार! दोन आठवड्यांत घोटे सुजले, चपलेचा अंगठा पायात जाईना. याला वाटलं किडन्या गेल्या. त्याच्या चुलत्याचे पाय असेच सुजले होते आणि तो डायलिसिसवर गेला होता. घाबरून याने सगळीच औषधं बंद केली, बीपीची आणि आमचीही. आमची बंद झाली म्हणून फोन गेला, म्हणून तो आला. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन बदलून दुसरी गोळी दिली, क्रिएटिनिन तपासलं, किडन्या शाबूत. सूज उतरली. तो वाचला ते आमच्याकडे गोळ्यांचा हिशेब ठेवला जातो म्हणून. नुसती बीपीची बंद केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

सांगायचं कुणाला आणि किती, याचा उपदेश मी करत नाही. सांगितल्यावर हातमोजे चढवणारे, मग बिल वाढवणारे, मग ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणणारे डॉक्टर या लोकांनी पाहिले आहेत. कायद्याने असा भेदभाव करता येत नाही. कायदा चांगला आहे, पण फवारणीवरचा माणूस तो घेऊन तालुक्याच्या गावात कुणाशी भांडणार? मी एवढंच करते, चिठ्ठीवर औषधांची नावं लिहून देते आणि सांगते, बाहेर कुणी नवीन गोळी दिली तर घ्यायच्या आधी मला फोनवर नाव वाचून दाखवा. फोन येतात, रात्री साडेनऊला सुद्धा. “ताई, ए, एम, एल...”

बीपीपेक्षा जास्त धाकधूक मला कंबरदुखीच्या गोळीची वाटते. खुरपणीला वाकून वाकून बायकांच्या कमरा गेलेल्या असतात. दुकानात सुट्टी गोळी मिळते, डायक्लोफेनॅक, रोज एक. ती बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते, आणि टीएलडीतलं टेनोफोव्हिरही किडनीवरच नजर ठेवून असतं. बीपी किडनी खराब करतं, खराब किडनी बीपी वाढवते. पण ती गोळी बंद करा म्हणताना मला दुसऱ्या दिवशीची खुरपणी दिसते, आणि तिला पर्याय म्हणून मी काय देणार?

मिश्रीचंही तसंच. काका लोकांची तंबाखू सगळ्यांना दिसते, बायकांची मिश्री कागदावर येत नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की नाही म्हणतात. ‘सकाळी दात कशानं घासता?’ विचारलं की पदराआडून डबी निघते. तव्यावर भाजलेली काळी तंबाखू, दिवसातून चार-पाच वेळा. तिने भूक मरते, म्हणून तर लागली. नवरा आजारी असताना, घरात दोन भाकऱ्या आणि खाणारी पाच तोंडं असताना लागली. एकीने सोडली. कशी सोडली विचारलं तर म्हणाली, आता पोटभर जेवण हाय, काय करायचीय?

बीपी मोजण्यावरून आमच्यात एक भांडण नेहमी होतं. माणूस पहाटेची एसटी धरून येतो, स्टँडवरून चालत, दारात चहा, वर तंबाखूचा बार, मग आमच्या रांगेत उभा, पोटात व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या, रिपोर्टची धडधड, लघवीला जायची सोय लांब. आणि आल्या आल्या पट्टा बांधला की आकडा 160. हा आकडा बीपीचा की एसटीचा? पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, बोलणं बंद, मग मोजायचं, असं पुस्तकात आहे. पण रांग दारापर्यंत असते, सिस्टर एक, खुर्ची एक, आणि तिला पाठ नाही, स्टूल ते. मी पाठीची खुर्ची मागितली. तोवर माझ्या खोलीतलीच देते. माझं बोलणं आणि त्यांचं न बोलणं एकाच खुर्चीत बसवायचं म्हणजे कसरत आहे.

2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये बीपी-शुगर तपासायला सांगितलेलं आहे. आम्ही तपासतो. पुढे काय? एचआयव्हीच्या गोळ्या आमच्या खिडकीत. बीपीच्या गोळ्या असंसर्गजन्य रोगांच्या विभागात, पुढच्या इमारतीत, वेगळी नोंदणी, वेगळा कागद. दोन कार्यक्रम, दोन पैशाच्या वाटा. तिथे गेलं की पुन्हा तोच प्रश्न: आधीची काही औषधं? आणि रांगेत मागे गावातली चुलती उभी. आमच्या रांगेत भेटलेला माणूस निदान आपल्यातलाच असतो; त्या रांगेत बीपीवाले सगळे उजळमाथ्याने उभे असतात, आणि आमचा माणूस तिथेही आमच्या नोंदींचं हिरवं पुस्तक पिशवीच्या तळाशी दाबून उभा राहतो.

गेल्या वर्षी आमच्याकडची एक बाई लकव्याने गेली. पन्नाशी गाठायची होती. दुसऱ्या सेंटरवरून बदलून आलेली, व्हायरल लोड अनेक वर्षं ‘आढळला नाही’. जुन्या पानांवर बीपीचे आकडे होते, 160 च्या पुढचे, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. रकाना भरलेला. त्यापुढे कुणी काही केल्याची नोंद नव्हती. मला त्या सुवाच्य अक्षराचा फार राग आला. रकाना मोकळा असता तर निदान कुणी मोजलं नाही एवढं तरी म्हणता आलं असतं.

तिच्या बहिणीने उत्तरकार्यानंतर फोन केला. गोळ्या परत आणून देऊ का विचारायला. बोलता बोलता म्हणाली, दाजी गेले तेव्हा लोकांना कावीळ सांगितली होती, पोटात गोळा यायचा सांगताना. या वेळी जो भेटेल त्याला सरळ सांगितलं, बीपी वाढलं, लकवा मारला. “खरं सांगता आलं ताई, तेवढं बरं वाटलं.” मला काय बोलावं ते सुचेना. ज्या मरणाबद्दल खरं सांगता येतं ते मरण टाळता येण्यासारखं होतं, हे तिला त्या दिवशी सांगण्यात अर्थ नव्हता.

काकांच्या पट्टीत आता गोळ्या शिल्लक राहत नाहीत. युक्ती माझी नव्हे, त्यांच्या बायकोची. तिने दोन्ही गोळ्या रात्री एकत्र घ्यायला लावल्या, आमच्या डॉक्टरांना विचारून. भीतीच्या गोळीसोबत बिनभीतीची गोळीही जाते. आकडा 134 वर 82 वर आला. ते तो मोबाइलवर लिहून ठेवतात आणि सुनेला दाखवतात.

तारखांचं आम्ही थोडंफार जमवलं आहे. आमची तारीख आणि पुढच्या इमारतीची तारीख वेगळ्या दिवशी पडली की माणसाचे दोन रोज बुडतात, आणि दोनांतला एक बुडवायचा झाला तर तो बीपीचाच बुडतो. म्हणून तिथल्या सिस्टरशी बोलून बऱ्याच जणांचा एकच दिवस करून घेतला. त्यांना यादी देताना नुसते नंबर देते, आजार लिहीत नाही. त्या विचारत नाहीत. द्राक्षाच्या हंगामात ज्या बायकांना रविवारशिवाय सुट्टी नाही त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. रविवारी दोन्ही खिडक्या बंद असतात.